पाणी उतरेपर्यंत

निरोप आला तेव्हा मी अल्लीपूरला, माहेरी होते. भावाच्या मुलीचा साखरपुडा होता आणि मी परसात पाट्यावर पुरण वाटत बसले होते. हिंगणघाटहून तार घेऊन आलेल्या माणसानं सायकल भिंतीला टेकवली, माझ्या भावाशी हळू आवाजात काहीतरी बोलला, आणि भाऊ माझ्याकडे न बघताच आत निघून गेला. तेवढ्यानं मला कळलं. नाचणगावला घरी पोचेपर्यंत दुपार कलली होती. माझ्या नणंदेला, वेणूताईंना, आंघोळ घालून, त्यांनीच शिवलेली निळी चोळी नेसत्या लुगड्यावर घालून, अंगणात तिरडीवर ठेवलं होतं. माझ्यासाठीच सगळे खोळंबले होते. मी पाया पडले, बाजूला झाले, खांदेकरी उचलायला वाकले, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "अहो, आधी विचारा तरी त्यांना!" शेजारच्या काकूंनी मला धरून आत नेलं, पाणी पाजलं. "सुमनच्या डोक्यावर परिणाम झाला हो," असं कोणीतरी म्हणालंही. परिणाम वगैरे काही झाला नव्हता. जिभेची सवय होती ती, दुसरं काय!

या पुरवणीत मी एरवी लोणच्या-पापडांवर लिहिते. या खेपेला संपादकांनी कळवलं, की तुमच्या नणंदेबद्दल लिहा, लोकांना त्यांचं कौतुक होतं. कौतुक लोकांना होतं, खरं आहे. लोक येत, चोळीचं माप देत, दोन गोष्टी ऐकून हसत आणि घरी जात. घरी मी राहात होते. वेणूताई ह्यांच्या थोरल्या बहीण. अकरा-बारा वर्षांच्या असताना ताप आला, ताप गेला, आणि पाय घेऊन गेला. लग्न झालं नाही. मी सून म्हणून आले तेव्हा सासूबाई थकल्या होत्या. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवून दिलं की काखेत हात कसे घालायचे, आपला गुडघा कुठे टेकवायचा, आणि दम कधी धरायचा. तेव्हापासून खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत खुर्चीत... ते माझं काम. खुर्ची पुलगावच्या एका मिस्त्रीनं करून दिलेली, सायकलची दोन चाकं लावलेली. तिच्यात बसल्या की त्या गावभर स्वतःच्या हातांनी चाक फिरवत जात. पण बसवायचं कोणी? माझी कंबर तिशीतच गेली. भेटायला येणाऱ्या बायका आता म्हणतात, त्या सुटल्या आणि तूही सुटलीस. मी त्यांना चहा देते. मी दमले आहे, यात खोटं काहीच नाही, पण हे ऐकून आणखीच दमायला होतं.

उचलण्याबद्दलचा त्यांचा नियम तळेगावच्या एका लग्नातून आला. तिथे पंगत बसवायची होती आणि वेणूताईंची खुर्ची वाटेत होती. दोन तरण्या पोरांनी न बोलता, न विचारता, खुर्चीसकट त्यांना उचललं आणि धान्याच्या पोत्यांशेजारी नेऊन ठेवलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पंगतीची घाई होती इतकंच. ताई जेवल्या नाहीत. परत येताना बैलबंडीत बसून त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं, "घरात सुमन उचलते, ते अलग. घराच्या बाहेर आता मले कोणीच उचलायचं नाई. बापू, तू बी नाई. जिथं चाक जाते तिथं मी जाईन, नाई जात तिथं माझं काम नाई." हे हसले. मी हसले नाही, मला त्यांचा आवाज माहीत होता. त्यानंतर त्या मंदिराच्या पायऱ्यांशी थांबत, शाळेच्या ओट्याखाली थांबत, आणि कोणी पुढे आलं की "विचारलं का मले?" असं म्हणून त्याला परत पाठवत. लोकांना वाटे, बाई फार तिखट आहे. होत्याच.

बोटीचं खूळ आणलं ते स्टेशनातल्या बाबूंच्या बायकोनं. ती रत्नागिरीकडची, बदलीमुळे पुलगावला आलेली, इथल्या उन्हानं हैराण झालेली. चोळ्या शिवायला यायची आणि माहेरचं बोलत बसायची. मुंबईहून बोटीत बसलं की कसं दिवसभर नुसतं बसून राहायचं, किनारा कसा सरकतो, माणसं डबे कशी सोडतात. वेणूताईंचं मशीन थांबलं. "म्हणजे बोटीत सगळेच बसून असतात?" त्यांनी विचारलं. "मग काय तर! चालायला जागा कुठे असते?" ती म्हणाली. त्या रात्री जेवताना ताईंनी जाहीर केलं, की आपल्याला बोटीनं जायचं आहे. "जिथं चालणारं कोणीच नाई अशी जागा पाह्यची आहे मले," असं म्हणाल्या. माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. मी मनात म्हटलं, झालं... आता तिथवर ढकलत कोण नेणार आहे?

आणि मग वर्षभर तेच. रस्त्यात जिथे जिथे पायरी आहे तिथे काय करायचं, याचा विचार त्या शिवता शिवता करीत. स्टेशन, डबा, मुंबईची घोडागाडी, धक्का, बोट. उपाय एकच, फळ्या. सागवानाच्या दोन लांब फळ्या त्यांनी घडवून घेतल्या, कडेला पट्टी मारून, चाक घसरू नये म्हणून. पुलगावच्या जिनात कापसाचे बोजे घेऊन हमाल फळीवरून चढतात ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. फळी किती उतरती ठेवली की माणूस दमत नाही, हे त्यांनी त्या हमालांना विचारून घेतलं. सरावाला आमची बंडी. बैल सोडलेले, बंडीला फळ्या लावलेल्या, ताई खुर्चीत, आणि मागून जोर लावायला मी. "पायरीवर मागून टेका देणं चालते, उचलणं नाई चालत," असा त्यांचा कायदा. मी म्हणायचे, "ताई, माझ्या कंबरेचा काही कायदा आहे का?" त्या म्हणायच्या, "बोटीवर बसल्यावर झोपजो तू. तिथं तुले काम काय?" अख्खं गाव बघायला यायचं. पोरं टाळ्या वाजवायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण त्या बंडीवर चढल्या की असा चेहरा करायच्या, की पुन्हा म्हणाल्या तर पुन्हा ढकलावं.

जायचं कधी, यावर फारसा वाद झाला नाही. पेरण्या आटोपून पहिलं डवरणं, म्हणजे कोळपणी, झालं की ह्यांना आठ-दहा दिवस सवड असते. शिवाय बोटीनं जायचं तर पावसाळ्यातच, हे आम्हाला सांगायची गरज नव्हती. आमच्या वर्धा नदीवर डोंगा पावसाळ्यात लागतो. उन्हाळ्यात पात्रातून माणसं चपला हातात घेऊन चालत जातात, डोंगा रेतीत पालथा घालून ठेवलेला असतो. समुद्र आटत नाही एवढं आम्हालाही कळत होतं हो, पण काठाजवळचं पाणी कमी होत असेल, बोट रेतीत रुतत असेल, असं आम्ही तिघंही धरून चाललो. ती बाबूंची बायको मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी जायची, हे तिनं सांगितलेलं मला आठवत होतं. मी तसं म्हटलंही. ताई म्हणाल्या, "बिचारीले सुट्टीच तेव्हा भेटते, काय करंन!" तोवर तिच्या नवऱ्याची भुसावळला बदली झाली होती, त्यामुळे विचारणार कोणाला? ह्यांनी सुचवलं की मुंबईला पत्र टाकून चौकशी करू. त्यावर ताईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "आधी विचारलं न बापू, की लोक नाई म्हणतात. खुर्चीवाल्या बाईले घ्याल का म्हून विचारशील, तं कोण हाव म्हणंन? दारात जाऊन उभं राह्यलं की मंग नाई म्हणाले जड जाते." यात काही चूक होतं असं मला आजही वाटत नाही. आयुष्यभराचा अनुभव होता तो. फक्त त्या एका गोष्टीसाठी विचारायला हवं होतं...

मुलांना अल्लीपूरला सोडून आम्ही आषाढात निघालो. गाडीच्या डब्याचं दार अरुंद, खुर्ची जाईना. आणि उचलायचं नाही. शेवटी गार्डाच्या मागच्या डब्यात, पार्सलांमध्ये आम्हाला जागा मिळाली. फळ्या लावल्या, ताई चढल्या. विड्याच्या पानांच्या करंड्यांमध्ये खुर्चीची चाकं दोरीनं बांधून त्या मुंबईपर्यंत ताठ बसून आल्या. मी करंड्यांना टेकून बसले होते, गाडी हलली की ओली पानं मानेला लागायची. हे चिडले होते. "पैसे देऊन माणसासारखं बसता आलं असतं," असं म्हणाले. "मी माणसासारखीच बसली आहे," ताई म्हणाल्या, "तुझं तू पाह्य."

धक्क्यावर पोचलो तेव्हा सकाळ संपत आली होती. पाऊस लागलेला. समुद्र दिसला तो आमच्या नदीला पूर आल्यावर असतो तसा गढूळ. मला काही विशेष वाटलं नाही, मला कुठेतरी आडवं व्हायचं होतं. तिकिटाच्या खिडकीला फळी लावलेली. एक कारकून बाजूच्या दारात विडी ओढत उभा होता. ह्यांनी विचारलं. त्यानं आधी आमच्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग त्या सागवानी फळ्यांकडे.

"पावसाळ्यात बोटी बंद असतात," तो म्हणाला. "नारळी पौर्णिमेनंतर यायचं. तुम्ही आलात कुठून?"

"वर्धा जिल्ह्यातून."

"तिकडे कोणी सांगितलं नाही?"

"आमच्या इकडं पावसाळ्यातच चालतात," वेणूताई म्हणाल्या. "उन्हाळ्यात पाणीच कुठं राह्यते?"

तो हसला. आतले आणखी दोघं येऊन हसले. वाईट हसले असं नाही, पण पोटभर हसले. ताईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि खुर्ची वळवून त्या पावसात पुढे गेल्या. मी जिथे होते तिथेच, त्या ओल्या दगडांवर फळ्या टाकून वर बसले. मला रडू आलं. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. वर्षभर त्या बंडीवर ढकलणं, ती पानांची ओल, आणि आता परत तेच सगळं उलट! मी ह्यांना म्हटलं, "मला आता एक पाऊल टाकवत नाही. तुमच्या बहिणीला समुद्रात न्या नाहीतर घरी न्या, मी इथे बसले आहे."

ताई मात्र धक्क्याच्या कडेशी थांबल्या होत्या. तिथे पावसाळ्यासाठी बांधून ठेवलेली एक बोट होती, लहानशीच, आणि तिच्यावर राखणीला एक म्हातारा खलाशी. त्याचं आणि ताईंचं बोलणं काय झालं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी हाक मारली, "सुमन, फळ्या आण!" बोटीचा काठ आणि धक्का तेव्हा अगदी बरोबरीला होते. आम्ही फळ्या टाकल्या, सपाट बसल्या, आणि ज्या बाईनं वर्षभर बंडीचा चढ घोटला होता ती कोणाच्या टेक्याशिवाय, दोन हातांनी चाकं फिरवत, बोटीवर गेली. खलाशी म्हणाला, "बसा बाय, बोट काय जात नाय कुठं." वर छत होतं. बाकं होती. बोट दोराला बांधलेली असूनही हलत होती, आणि ताईंनी कठड्याला धरून माझ्याकडे असं बघितलं, की लग्नात नव्या नवरीनंही बघू नये. मला म्हणाल्या, "झोप आता. सांगितलं होतं न तुले?" मी त्या लाकडी बाकावर पडले ती मेल्यासारखी झोपले. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी अशी मी झोपले नव्हते.

जाग आली ती ह्यांच्या ओरडण्यानं. हे खाली धक्क्यावर उभे होते, आणि खाली म्हणजे खरंच खाली. आधी मला कळेचना. धक्का खचला की काय! मग खलाशानं सांगितलं, भरती आली आहे, पाण्याबरोबर बोट वर येते. हेही आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. फळ्यांचं एक टोक बोटीवर आणि दुसरं खाली धक्क्यावर, इतकं उतरतं, की त्यावरून खुर्ची सोडली असती तर सरळ गोदीच्या भिंतीवर जाऊन आदळली असती. पाऊस तिरका येत होता आणि वेणूताईंचं मांडीपर्यंतचं लुगडं भिजून काळं पडलं होतं. किती वेळ त्या तशा बसल्या होत्या, कोण जाणे. मला उठवलं नव्हतं.

"ताई, दोन माणसं आणतो, उचलून घेऊ, एका मिनिटाचं काम आहे!" हे खालून म्हणत होते. "हट्ट पुरे झाला. धर्मशाळेत जागा मिळायची नाही."

"नाई."

"आजारी पडशील!"

"मले का घरी बसून बरं वाटते?" ताई म्हणाल्या, आणि मग त्या खलाशाकडे वळल्या. "का जी दादा, हे पाणी वर आलं तसं खाली जाते का?"

"जाणार तर! ओहोटीला जातंच."

"धक्क्याच्या बरोबरीला येते?"

"संध्याकाळपर्यंत येईल की."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "मले घाई नाई."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. घरी अशा वेळी मीच मध्ये पडत असे. चला ताई, पुरे ताई, म्हणून मीच त्यांना काखेत धरत असे, आणि माझ्यापुढे त्यांचं चालत नसे. ह्यांना तेच हवं होतं. मी उठले, त्यांच्याजवळ गेले, आणि खरं सांगते, त्यांना उचलायला माझे हात पुढे झालेच होते. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. हे घर नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. मी हात मागे घेतले, माझी शाल त्यांच्या मांडीवर टाकली आणि बाकाच्या कडेला बसले. "तुम्ही छत्री उघडा आणि कुठेतरी चहा घेऊन या," मी ह्यांना म्हटलं. "आम्ही पाणी उतरल्यावर येतो." ते बडबडत गेले. आम्ही दोघी बसून राहिलो. धक्क्याच्या दगडावर ओली रेघ होती, ती हळूहळू मोठी होत गेली, आणि फळी खाली खाली येत सपाट झाली. समोर सगळीकडे दिवे लागले होते. वेणूताई फळीवरून उतरल्या, धक्क्यावर आल्या, आणि ह्यांना म्हणाल्या, "पाह्य, उतरली का नाई? कोणाच्या हातानं?"

पुढे बोटीचा प्रवास झालाच नाही. नारळी पौर्णिमेनंतर कापूस फुटतो, मग गहू, मग लग्नं, दरवर्षी काहीतरी. मी टाळलं असंही म्हणा. माझ्यात बळ नव्हतं. त्यांनीही फार रेटलं नाही. पण मुंबईहून परतल्यावर चार दिवसांत त्यांनी सुताराला बोलावलं आणि आपल्या खाटेचे पाय कापायला लावले. सुतारानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तापानं बोलत आहेत. भिजल्यामुळे ताप होताच. "खुर्चीची बैठक जिथं येते तिथंवर काप," त्यांनी सांगितलं. "बरोबरीला आलं की उचलावं लागत नाई. समुद्रात पाह्यलं आम्ही." मग रोज खुर्ची खाटेला चिकटवून, तळहात दाबून, त्या स्वतःला एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर सरकवायला लागल्या. पडल्या, लागलं, शिव्या दिल्या. पुढच्या संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस मी सकाळी नेहमीसारखी त्यांना उचलायला गेले, तर त्या खुर्चीत बसून वेणी घालत होत्या. मी हात पुढे करून दारात उभी. "काऊन उभी राह्यली? जा, चहा ठेव," असं म्हणाल्या. मी चुलीपुढे बसले आणि मला इतका राग आला! इतकी वर्षं माझी कंबर मोडली ती कशाला मग? आणि रागाबरोबर इतकं हलकं वाटलं, की चहा उतू गेला तरी मी उठले नाही.

त्या बुटक्या खाटेमुळेच मी साखरपुड्याला चार दिवस अल्लीपूरला जाऊ शकले. निघताना म्हणाल्या, "पुरण घेऊन येजो." रात्री जेवल्या, खुर्ची खाटेला लावली, सरकल्या, निजल्या, आणि सकाळी उठल्या नाहीत. शेवटच्या रात्री त्यांना कोणी हात लावला नव्हता, असं हे सांगतात.

हे म्हणतात, खाटेला नवे पाय लावून घेऊ, अशी जमिनीलगत खाट कोणाच्या कामाची? सुताराला मी दारातूनच परत पाठवलं. हल्ली दुपारी मी त्याच खाटेवर पडते. झोप चांगली लागते, उठणं मात्र जिवावर येतं. इतक्या खालून उठायचं म्हणजे गुडघे कुरकुरतात, कंबर धरते, दोनदा तरी परत बसावं लागतं. परवा मी अशीच धडपडत होते आणि हे नेमके खोलीत आले. लगबगीनं पुढे होऊन त्यांनी मला काखेत धरायला हात घातला.

"थांबा," मी म्हटलं. "विचारलं का मला?"

ह्यांनी हात मागे घेतला. मग दाराला टेकून उभे राहिले, माझी मी उठेपर्यंत.